पाताळातलं माहेर

आजच्या काळातली एक बाई आहे. नोकरी करणारी, नाहीतर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली. ती एका दगडाला हात लावते, किंवा जुनं पुस्तक उघडते, किंवा रस्त्यावर गाडीची धडक बसते, आणि डोळे उघडते तेव्हा भलत्याच जगात असते. तिथे राजे आहेत, राजवाडे आहेत, मंत्र चालतात, कधी दोन चंद्र उगवतात. आणि तिथे एक पुरुष आहे. आधी तो तिच्यावर संशय घेतो, मग तिचं रक्षण करतो, मग प्रेम करतो. पुढचा भाग उद्या.

मंडळी, आजचा विषय हाच आहे. आपल्यापैकी ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही, त्यांनी घरातल्या मुलींना विचारावं. गोंदियाहून नागपूरकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत मोबाइलवर मान घालून बसलेल्या पोरी काय वाचतात? बऱ्याच जणी हेच वाचतात. प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीत आणि हिंदीत असल्या मालिका रोज एकेका भागानं पुढे सरकतात. जपानी लोकांनी तर या प्रकाराला नावच दिलंय, ‘इसेकाई’. त्याचा साधा अर्थ दुसरं जग. आणि यावर आपल्या समीक्षेचं म्हणणं एका शब्दात संपतं : पळवाट.

आम्हाला हा शब्द फार आळशी वाटतो. माणूस पळतो तेव्हा कुठून पळतो आणि कुठे जातो हे बघायला नको का? कैदी पळाला तर आपण त्याच्या बेडीबद्दल विचारतो. पोरगी गोष्टीत पळाली तर फक्त तिला बोल लावतो. म्हणून आज आम्ही एवढंच बघणार आहोत, की या गोष्टीतलं दार नेमकं कुठे उघडतं. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. परदेशातून आलेल्या साच्यात हे दार प्रियकराकडे उघडतं. आपल्याकडे फार जुन्या काळापासून ते माहेराकडे उघडत आलंय. आणि आज मराठीत हा प्रकार लिहिणाऱ्यांनी पहिलं दार उचललं, दुसरं घरातच असून विसरल्या.

आधी परदेशी दाराकडे जाऊ. डायना गॅबल्डन यांची ‘आउटलँडर’ ही कादंबरी १९९१ साली आली. २०१४ पासून तिची टीव्ही मालिका निघाली आणि ती आपल्याकडेही पाहिली गेली. नायिका क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धात काम केलेली परिचारिका. १९४५ साली नवऱ्यासोबत स्कॉटलंडला सुटीवर गेलेली असते. तिथल्या उभ्या दगडांच्या वर्तुळात ती एका दगडाला हात लावते आणि थेट १७४३ सालात जाऊन पडते. तिथे तिला जेमी भेटतो. आता बघा, भेट कशी होते. त्याचा खांदा निखळलेला असतो, भोवतालचे लोक तो ओढूनताणून बसवायला निघालेले असतात, आणि ही पुढे होऊन सांगते, थांबा, असा नाही बसवायचा. म्हणजे नव्या जगात तिची ओळख रूपावरून होत नाही, कामावरून होते. आम्हाला ही फार मोठी गोष्ट वाटते. शिकलेल्या बाईचं शिक्षण तिच्यासोबत पलीकडे जातं, ते दारात काढून ठेवावं लागत नाही. आपल्याकडे लग्न होऊन दुसऱ्या घरात जाणाऱ्या किती जणींना हे म्हणता येईल?

पण त्याच शिक्षणामुळे तिच्यावर चेटकीण असल्याचा खटलाही भरला जातो. जडीबुटीची माहिती आहे, रोग बरे करते, कुठून आली कुणाला ठाऊक नाही, झालं. आपण इथे बसून हे प्रकरण निव्वळ कल्पना म्हणून वाचू शकत नाही. जादूटोण्याच्या संशयावरून बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्या भागाला अनोळखी नाहीत, आणि महाराष्ट्राला २०१३ साली त्यासाठी कायदा करावा लागला. म्हणून ‘जादूच्या जगात गेलेली बाई’ हे शब्द मुंबईत वाचले तर गंमत असते. इथे वाचले तर आधी प्रश्न पडतो, की जादू कुणाच्या हातात आहे आणि जादूचा आळ कुणावर आहे? खटल्यातून सुटल्यावर क्लेअर जेमीला सगळं खरं सांगते, मी दोनशे वर्षं पुढून आले आहे म्हणून. आणि तो विश्वास ठेवतो. मग स्वतः तिला त्या दगडांपाशी परत नेऊन सोडतो. जायचं तर जा. ती राहते. आमच्या मते सगळ्या कादंबरीचा कणा इथे आहे. दार परतीच्या बाजूनंही उघडतं, तेव्हाच ‘राहिले’ या शब्दाला अर्थ येतो.

मात्र याच पुस्तकात जेमी तिला आज्ञा मोडल्याबद्दल पट्ट्यानं मारतो. त्या काळची रीत म्हणून लेखिका ते समजावून सांगते, आणि गोष्ट पुढे सरकते. आम्हाला ते पचत नाही. काळाची रीत दाखवणं वेगळं आणि त्यावरून हसत पलंगाकडे जाणं वेगळं. या प्रकाराच्या हलक्या नकला नेमका हाच भाग उचलतात, खांदा बसवण्याचा नाही. मनगट धरणारा, कोंडून ठेवणारा, ‘तू माझीच’ म्हणणारा राजपुत्र ॲपवर शेकड्यानं सापडतो. नायिका मेडिकलची विद्यार्थिनी आहे असं पहिल्या भागात कळतं, आणि पुढच्या पन्नास भागांत ती साधी पट्टीसुद्धा बांधत नाही.

आता आपल्या दाराकडे येऊ. श्रावणात, रोवणीचा चिखल पायाला असतानाच, आपल्या घराघरांत नागपंचमीची कहाणी सांगितली जायची. अजून काही घरांत सांगतात. तुम्ही म्हणाल, ही तर व्रताची गोष्ट. पण एकदा नुसती गोष्ट म्हणून ऐका.

एका घरात बऱ्याच सुना. श्रावण लागला तशी एकेक जण माहेरी, आजोळी, पंजोळी गेली. धाकट्या सुनेला माहेरचं कुणीच नव्हतं. मग तिनं मनाशी धरलं, की नागोबाच आपल्या माहेरचा, तोच आपल्याला न्यायला येईल. शेषाला दया आली. तो ब्राह्मणाचा वेश घेऊन दारात उभा राहिला. सासऱ्याला पेच पडला, इतके दिवस हा होता कुठे? सुनेला विचारलं. तिनं तर त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. तरी ती म्हणाली, हा माझा मामा. तो तिला वारुळापाशी घेऊन गेला, खरी गोष्ट सांगितली, फण्यावर बसवलं आणि पाताळात उतरला. घरच्या नागांना ताकीद दिली, हिला कुणी चावायचं नाही.

पुढे नागीण बाळंत व्हायला बसली. सुनेला दिवा धरायला सांगितलं. वळवळणारी पिल्लं पाहून ती घाबरली, हातातला दिवा पडला आणि पिल्लांची शेपटं भाजली. नागिणीचा राग झाला. तरी तिला मारलं नाही, धन देऊन रीतसर सासरी पाठवलं. पिल्लं मोठी झाली, शेपटं का तुटली ते त्यांना कळलं, सूड घ्यायला म्हणून ती तिच्या घरी आली. तो दिवस पंचमीचा होता. तिनं भाऊ येतील म्हणून वाट पाहिलेली, कुणी आलं नाही म्हणून नागांची चित्रं काढून पूजा मांडलेली, आणि ती म्हणत होती, की माझे भाऊ असतील तिथे सुखात असोत. हे ऐकून त्यांचा राग गेला.

या कहाणीत प्रियकर नाही. नवरा आहे, पण तो कुठे दिसतही नाही. दार उघडतं ते दुःख बघून, आणि उघडतं माहेराकडे. तिथे जायला तिला निवडलेली असावं लागत नाही. तिच्या कपाळावर कुठली खूण नाही, तिच्या येण्याचं भाकीत कुणी केलेलं नाही. माहेरचं कुणी नाही, एवढीच तिची पात्रता. आजच्या मालिकांतली नायिका जवळजवळ नेहमी ‘ती एकमेव’ असते. कहाणीतली सून कुणीही असू शकते, म्हणून ऐकणारी प्रत्येक बाई तिच्या जागी बसू शकली.

दुसरी गोष्ट दिव्याची. परक्या जगात गेलेल्या माणसाच्या हातून तिथल्यांचं काही नुकसान होतं, हे आजच्या गोष्टी सहसा कबूल करत नाहीत. नायिका जाते आणि राज्य सुधारते. इथे सुनेला एकच साधं काम सांगितलं, दिवा धर. तेही तिच्यानं झालं नाही, कारण ती माणूस होती आणि घाबरली. यजमानांच्या लेकरांना तिनं कायमची इजा केली. आणि कहाणी हे विसरत नाही, त्यावरच तिचा शेवट उभा आहे. नातं टिकतं की तुटतं याची कसोटी चूक झाल्यावरच लागते. पन्नास भागांत एकदाही न चुकणाऱ्या नायिकेचं नातं आम्हाला कळणार तरी कसं?

तिसरी गोष्ट त्या खोट्याची. ‘हा माझा मामा’. जादू वारुळात नाही, या तीन शब्दांत आहे. अनोळखी माणसाला तिनं आपला म्हटलं आणि तो आपला झाला. (आता कुणी म्हणेल, अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये हे मुलींना शिकवायला हवं. शिकवाच. पण गोष्टीचं आणि सूचनाफलकाचं काम वेगवेगळं असतं.)

इथून आम्ही आमगावला येतो. संस्कृत नाटककार भवभूतीनं आपल्या कुळाचं गाव पद्मपूर म्हणून सांगितलंय. ते विदर्भातलं. वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आपल्या आमगावजवळचं पदमपूर, असं मांडलं. आमगावातल्या महाविद्यालयालाही भवभूतीचं नाव आहे. काळ आठव्या शतकाचा. आता या माणसानं काय लिहिलं? ‘उत्तररामचरित’. गरोदर सीतेला रामानं वनात सोडलं, तिनं गंगेत उडी घेतली, आणि पृथ्वी आणि गंगा या दोघींनी तिला बाळांसकट उचलून रसातळात नेलं. पृथ्वी म्हणजे सीतेची आई. दार कुठे उघडलं? माहेरी.

तिसरा अंक बघा, तो या विषयावरचा आमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. बारा वर्षं झालीत. मुलांचा बारावा वाढदिवस. गंगा सीतेला सांगते, वर जा, फुलं वेचून सूर्याची पूजा करून ये, आणि माझ्या शक्तीनं तू कुणालाच दिसणार नाहीस, वनदेवतांनासुद्धा नाही. सोबतीला तमसा नदी. ती जिथे येते ते जनस्थान, वनवासातलं त्यांचं जुनं ठिकाण. आणि त्याच वेळी राम तिथे आलेला आहे. तो आलाय शंबुकाच्या वधासाठी. भवभूतीनं तिथे रामाला स्वतःच्या हाताशी बोलायला लावलंय, शंबुकाला दिव्य रूप दिलंय. तरी वध तो वधच, आणि हे आम्ही ओलांडून पुढे जाणार नाही. ज्या हातानं गरोदर बायको सोडली त्याच हातानं हेही केलं, हे कवीला दिसतं, आणि त्या हाताला तो सुखानं झोपू देत नाही.

राम जुन्या जागा पाहून कोसळतो, सीता अदृश्य हातानं त्याला स्पर्श करते, तो शुद्धीवर येतो. स्पर्श ओळखतो. पण दिसत कुणीच नाही. सीतेची सखी वासंती रामाला टोचून टोचून विचारते, असं कसं केलंस? सीता उभी राहून ऐकते. तिला एका शब्दानं उत्तर द्यावं लागत नाही, कसली परीक्षा द्यावी लागत नाही. बाईचं अदृश्य असणं हे एरवी दुःख. घरात काम करते आणि कुणाला दिसत नाही. भवभूतीनं त्याच अदृश्यपणाची जादू केली. दिसत नाही म्हणून ती पहिल्यांदा निवांतपणे बघू शकते, की ज्यानं मला टाकलं त्याचं पुढे काय झालं. हे सुख ॲपवर गोष्ट वाचणाऱ्या मुलीला कळतं. आम्हा समीक्षकांना कळायला वेळ लागतो.

आमची तक्रारही आहे. विचारायचं ते वासंती विचारते, सीता स्वतः कधीच नीट विचारत नाही. उलट वासंतीचे शब्द रामाला लागतात म्हणून तिलाच वाईट वाटतं. शेवटी वाल्मीकीच्या नाटकातल्या नाटकातून दोघांची भेट होते आणि सगळं गोड होतं. रामायणातली सीता अखेरीस पृथ्वीच्या पोटात जाते, परत येत नाही. भवभूतीनं तिला परत आणलं. प्रेक्षक म्हणून आम्ही सुखावतो, वाचक म्हणून अडतो. जेमीनं क्लेअरला दगडांपाशी नेऊन विचारलं, राहतेस की जातेस. सीतेला हा प्रश्न कुणी विचारला? अरुंधती लोकांना विचारते, की हिला स्वीकारता ना? हिला नाही विचारत, की तुला परत जायचंय ना. बाराशे वर्षांनंतर गाडीत बसून मोबाइलवर लिहिणारी पोरगी हा प्रश्न विचारू शकते. हे काम अजून शिल्लक आहे.

भवभूतीचं ‘मालतीमाधव’ तर सरळसरळ प्रेमकथाच. नायक माधव विदर्भातल्या कुंडिनपूरचा, शिकायला पद्मावतीला गेलेला. अघोरघंट मालतीचा बळी द्यायला निघतो, माधव त्याला मारतो, त्याचा सूड म्हणून कपालकुंडला मालतीला पळवते. सोडवून आणते ती सौदामिनी, आकाशातून जाणारी योगिनी. म्हणजे विद्या एकाच प्रकारची, वापरणाऱ्या बाया दोन. जादू कुणाच्या हातात, हा मघाचा प्रश्न आपल्या गाववाल्यानं तेव्हाच विचारून ठेवलाय.

एक उदाहरण प्रियकरही नको आणि माहेरही नको म्हणणारं. १९०५ साली मद्रासच्या इंग्रजी मासिकात रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाचं स्वप्न’ ही कथा छापून आली. आरामखुर्चीत बसलेली बाई एका स्त्रीराज्यात जाते. तिथे पुरुष पडद्याआड आहेत आणि बाया विद्यापीठं चालवतात, सूर्याची उष्णता साठवतात, हवेतल्या गाडीतून फिरतात. तिथे तिला ना राजपुत्र भेटतो ना आई. एक मैत्रीण भेटते, आणि ती सगळं फिरवून दाखवते, कसं चालतं ते समजावते. आम्हाला वाटतं, ‘आउटलँडर’च्या नायिकेचं कौशल्य आणि या कथेतली जिज्ञासा आपल्या नव्या लेखिकांनी एकत्र आणून बघावी. पण कहाणीतली ऊबही सोडू नये, कारण रुकय्यांच्या राज्यात सगळं आहे, रडायला मात्र जागा नाही.

मग प्रश्न येतो, की आजच्या मराठी मालिकांत माहेर गेलं कुठे? एक कारण उघड आहे. साचा बाहेरून आला, अनुवादातून आणि मालिकांतून आला, आणि त्यात नायिका बहुधा एकटी असते. आईवडील पहिल्याच परिच्छेदात अपघातात गेलेले. दुसरं कारण आम्हाला जास्त खरं वाटतं. आज लिहिणाऱ्या मुलीसाठी माहेर ही सुटकेची जागा राहिलेली नाही. लग्न ठरवण्याचा धाक, पुढे शिकायचं की नाही, संध्याकाळी कुठे होतीस, हे सगळं माहेरीच विचारलं जातं. सासुरवाशिणीचं स्वप्न माहेर होतं. अजून माहेरीच असलेल्या मुलीनं कशाचं स्वप्न बघायचं? ती राजपुत्र बघते. तिला दोष देण्याआधी आपल्या घरांकडे बघावं लागेल.

तरी माहेर पुरतं गेलेलं नाही. आमच्या वाचनात असं आलंय, की ज्या मालिका खरोखर धरून ठेवतात त्यांत राजपुत्राच्या आधी एक म्हातारी येते. जंगलातली, वैदू असलेली, नाहीतर राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली. ती अनोळखी पोरीला भाकर देते, ओले कपडे बदलायला लावते, कोण कुठली ते विचारत नाही. वाचकांच्या प्रतिक्रियाही तिथेच भरभरून येतात. ‘ती आजी परत कधी येणार?’ राजपुत्राबद्दल इतकं कुणी विचारत नाही. लेखिकेला साच्यानं सांगितलेलं असतं की प्रेमकथा लिही, आणि हात नकळत वारुळाकडे वळतो. आपल्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, लेकी माहेरी येतात, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक चालतं. भावानं बहिणीला घरात घेतलं, या प्रसंगाला मंडपात बायांचे पदर डोळ्यांना लागतात. ती भूक ॲपमध्येही तीच आहे.

भाषेबद्दल थोडं. सीता नाटकात प्राकृत बोलते, राम संस्कृत. गंगेनं नेलं म्हणून तिची बोली काही बदलली नाही. आपल्या जिल्ह्यातली मुलगी घरी झाडीबोली बोलते, कुणी पोवारी, कुणी गोंडी, बाजारात हिंदी. आणि तिची नायिका मात्र जादूच्या जगात जाऊन पुण्याच्या वर्तमानपत्रासारखी बोलते. क्लेअर १७४३ सालात गेली तेव्हा तिचं बोलणं सगळ्यांना खटकलं, त्यावरून तिला हेर ठरवलं, आणि तिथून गोष्टीला धार आली. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावची पोरगी कुठल्या राजदरबारात जाऊन पडली आणि तिथे आपल्या बोलीत बोलली, तर दरबाराचं काय होईल? आम्हाला ते वाचायचंय. तिथल्या स्वयंपाकघरातल्या आजीला ती बोली कळली तर आणखी वाचायचंय.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या मुलींनी आधी बोलावं.